चौऱ्याण्णव मुलं, तीन गाड्या

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज अर्पितजींनी मला केबिनमध्ये बोलावलं, मांडूच्या सहलीची इनचार्ज केलं आणि वर "काँग्रॅच्युलेशन्स, मॅडम" म्हणाले. जसं काही बक्षीसच दिलं.

अर्पितजी म्हणजे आमच्या शाळेचे नवे डायरेक्टर. संस्थापकांचे नातू, वय एकतीस. मी या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा ते तीन वर्षांचे होते आणि इथे इंदूरला अन्नपूर्णेच्या देवळाबाहेर आजोबांच्या कडेवर बसून फुगा मागत रडायचे. आता ते मला गाड्यांचा हिशेब शिकवतात.

सहावी-सातवीची मुलं चौऱ्याण्णव. शिक्षक दहा. एकूण एकशे चार माणसं. गाड्या दोन, प्रत्येकी चाळीस सीटच्या. मी म्हटलं, "सर, चोवीस जागा कमी पडतात."

"मॅडम, बच्चे हैं. तीन-तीन बैठ जाएंगे. उनको तो मजा आती है."

"आणि घाटात ब्रेक लागला की?"

"लास्ट इयर भी दो ही गई थीं. कुछ हुआ क्या?"

काही झालं नाही म्हणून बरोबर होतं, हा कुठला न्याय? तळपायाची आग मस्तकात गेली, पण काम घेतलं. नाही म्हटलं असतं तर काम लीला मॅडमकडे गेलं असतं, आणि लीला मॅडम मुलं नजरेनं मोजतात. "दिख तो सारे रहे हैं," एवढीच त्यांची हजेरी.

घरी श्रीपादना सांगितलं. ते मटार सोलत होते, सोलतच राहिले. "वीस वर्षं सहलीचं नाव काढलं की तुला ताप येतो," म्हणाले, "आता कशाला घेतलंस?"

खरं आहे. पण खरं असलेलं सगळंच बोलून दाखवायला हवं असतं का?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गाडीवाल्या संजीवला शाळेत बोलावलं. गुटखा खाऊन आला होता. त्याला आधी बाहेर जाऊन चूळ भरून यायला लावलं. आल्यावर म्हणतो, "मॅडमजी, टेन्शन मत लो. चालीस की गाडी में पचपन आराम से आते हैं. बारात में तो सत्तर ले जाता हूँ."

मी म्हटलं, "भिया, वऱ्हाडातलं एखादं कमी भरलं तर जेवताना लक्षात येतं. माझं एक कमी भरलं तर त्याची आई फाटकात उभी असते."

तो हसला. मला हसू येत नव्हतं.

दुपारी स्टाफरूममध्ये माझे नियम सांगितले. नऊ गट. चार गट अकरांचे, पाच गट दहांचे, झाले चौऱ्याण्णव. प्रत्येक गटाला एक शिक्षक आणि एका रंगाची रिबीन, मनगटाला बांधायची. दहावी शिक्षक मी. माझ्याकडे गट नाही, मी फक्त मोजणार. माझी शिटी वाजली की जो जिथे असेल तिथून आपल्या रंगाच्या रांगेत येणार. आणि मी मोजत असताना कुणी माझ्याशी बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही, आग लागली असली तरी. बोललं की आकडा चुकतो. हे मी वर्गात आणि घरात अठ्ठावीस वर्षं सांगत आले आहे.

लीला मॅडम पदर तोंडाला लावून हसल्या. "चारुलताजी, पिकनिक आहे की मिलिटरी?"

माझे आजेसासरे होळकरांच्या फौजेत होते, असं मी ऐकवणार होते. नाही ऐकवलं. त्यांना तेवढंच निमित्त हवं असतं.

१ डिसेंबर, सोमवार

संजीवनं रूटचा कागद पाठवला. परतीत बेटम्याला वीस मिनिटांचा थांबा, चहा आणि बाथरूम. मी लाल पेनानं खोडला. त्यानं फोन केला, "मॅडमजी, सब वहीं रुकते हैं, फॅमिली ढाबा है." मी म्हटलं, सगळे थांबोत. माझ्या गाड्या बेटम्याला थांबणार नाहीत.

ही वही मी कुणाला दाखवत नाही, तेव्हा लिहून टाकते. जानेवारी २००६. सहावीची सहल, मांडूच. मुलं अडतीस. आमचा मानस तेव्हा सात वर्षांचा होता. श्रीपाद बँकेच्या कामानं दिवसभर देवासला, घरी कुणी नव्हतं, म्हणून मी त्याला बरोबर घेतलं होतं. परतताना बेटम्याला थांबलो आणि मानस तिथेच राहिला. सहलप्रमुख बाळकृष्ण सर होते. मोजणी त्यांच्याकडे. सुटल्यावर लक्षात आलं, मग परत जाऊन त्याला आणलं. तासा-सव्वातासाचा प्रकार. तो ढाब्याच्या बाकावर बसला होता, रडतही नव्हता. आता त्याला आठवतसुद्धा नसेल.

बाळकृष्ण सर रिटायर होऊन छत्रीबागेत राहतात. दर दिवाळीला मेसेज पाठवतात. मी उत्तर देत नाही.

काल रविवार होता, मानसचा बंगळूरहून फोन आला. वडिलांशी चाळीस मिनिटं. मला, "कशी आहेस? बरी आहेस ना? चल ठेवतो." दोन मिनिटं. कुठेही जाऊन पोचला की "पोचलो" असा मेसेज करायची त्याला लहानपणापासून सवय आहे, चांगली सवय आहे, पण तो मेसेजही वडिलांनाच. मी विचारलं तर श्रीपाद म्हणतात, "मी सांगतोच की तुला." मी काय पोस्टाची पेटी आहे? याचा राग येऊ नये तर काय यावं!

४ डिसेंबर, गुरुवार

जिंकले!

काल अर्पितजींनी पुन्हा "दोन ही गाडी" असा निरोप पाठवला. आज सकाळी मी त्यांच्या टेबलावर कागद ठेवला. वर लिहिलं होतं, "खालील चोवीस विद्यार्थी गाडीत सीटशिवाय प्रवास करतील." खाली एक ते चोवीस आकडे, पुढे रिकाम्या ओळी. सर्वांत खाली डायरेक्टरांच्या सहीची जागा.

"ये क्या है, मॅडम?"

"तुम्ही नावं लिहा सर. कोणती चोवीस मुलं, ते तुम्ही ठरवा. सही करा. मी नोटीस बोर्डावर लावते, म्हणजे पालकांना आधी कळेल."

ते कागदाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "आप ऐसे गुस्सा क्यों करती हैं हर बात पे?"

"कारण एकही मूल यादीबाहेर राहिलेलं मला चालत नाही, सर."

तिसरी गाडी मिळाली. मिनीबस, सव्वीस सीटची. आता एकशे सहा जागा, एकशे चार माणसं. दोन जागा उरतात, त्या पुढच्या. ज्याला उलटी होईल त्याच्यासाठी. येताना राजवाड्यावरून गरम जिलबी घेऊन आले. श्रीपादनी विचारलं, "काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही. आज गणित सुटलं."

९ डिसेंबर, मंगळवार

पालकांची संमतिपत्रं सगळी आली. तीनदा लावून पाहिली. आमच्या शाळेत पूर्वापार पद्धत आहे, यादी संमतिपत्रावरून करायची. ज्याचा कागद, त्याचं नाव. तोंडी कुणाचं काही चालत नाही. पद्धत चांगली आहे, मीच ती अजून कडक केली. चौऱ्याण्णव कागद, चौऱ्याण्णव नावं, नऊ रंग.

रिबिनी स्वतः कापल्या. लाल, पिवळी, हिरवी, निळी, केशरी, गुलाबी, पांढरी, जांभळी, काळी. काळी कुणालाच नको होती. ती मी लीला मॅडमच्या गटाला दिली.

१५ डिसेंबर, सोमवार

डोकं फिरलं आहे. नियम केले की पहिला धक्का आपल्याच माणसाकडून.

शिखा म्हणजे आमची नवी इंग्रजीची टीचर, जुलैपासून आहे. पोरगी कामाची आहे, मुलं तिचं ऐकतात, म्हणून निळा गट तिला दिला. अकरा मुलं. आज सुट्टीत माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "मॅडमजी, एक रिक्वेस्ट होती. श्रियाला बरोबर आणू का? सॅटर्डेला तिचं डे-केअर बंद असतं, आणि ह्यांची पीथमपूरला शिफ्ट आहे. घरी कोणीच नाही."

श्रिया तिची मुलगी. सात वर्षांची.

मी म्हटलं, "हे तू मला आत्ता सांगतेस? पाच दिवस आधी?"

"सॉरी मॅडमजी. मम्मी येणार होत्या, त्यांचा पाय मुरगळला. एक सीट तर आहे ना एक्स्ट्रा..."

"ती सीट उलटीसाठी आहे. आणि गट ठरले आहेत. अकराचे बारा झाले की सगळी मोजणी फिरते."

तिचा चेहरा एवढासा झाला. मला दया आली, मी काही राक्षस नाही. म्हटलं, "आण. पण यादीत नाही घेणार. संमतिपत्र नाही, गट नाही. ती तुझी मुलगी, तुझ्याजवळ राहील. तुझी जबाबदारी. माझ्या मोजणीत तिला आणू नकोस."

"हो हो, बिलकुल. थँक्यू मॅडमजी."

नोकरी आणि पोर दोन्ही एका हातात धरून निघायचं आणि मग इतरांनी सांभाळून घ्यायचं, ही आजकालची तऱ्हा. श्रीपादना सांगितलं, तर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "काय?" म्हटलं. "काही नाही," म्हणाले. असे बघतात की चिडचिड होते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सगळं तयार. शिटी, यादीच्या तीन प्रती, लिंबं, कोऱ्या पिशव्या, औषधं. उद्या सहाला शाळेत.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळ

कालचं आज लिहिते आहे.

सकाळी फाटकात रिबिनी बांधत होते. चौऱ्याण्णव मनगटं. शेवटी एक छोटं मनगट पुढे आलं. स्वेटरची बाही वर करून श्रिया उभी. "मॅडम, माझी?"

मी म्हटलं, "तुला कशाला गं? तू आईबरोबर आहेस ना?"

तिनं बाही खाली केली.

दिवस चांगला गेला. जहाज महालात, हिंडोला महालात, शिटी वाजवली की तीन मिनिटांत नऊ रांगा. चौऱ्याण्णव. एका गाईडनं विचारलं, "मॅडम, फौज से हो क्या?" मी खूश झाले, ते लपवत नाही. श्रिया दिसायची अधूनमधून, आईच्या कुर्त्याचं टोक धरून. शिखाच्या अकरा मुलांमागे तिला पळावं लागत होतं.

चार वाजता रूपमतीच्या मंडपाखाली, पार्किंगमध्ये निघायची तयारी. शिटी. रांगा. तेवढ्यात गुलाबी गटातली एक मुलगी ओकली, अंग तापलेलं. तिचा गट मिनीबसमध्ये. मी शिखाला हाक मारली, तिच्याइतका शांत हात कुणाचा नाही. "तू मिनीबसमध्ये हिच्याजवळ बस. तुझा निळा गट दोन नंबरच्या गाडीत लीला मॅडम बघतील."

शिखा म्हणाली, "मॅडमजी, श्रिया..."

मी मोजत होते. सहासष्ट, सदुसष्ट. हात वर करून तिला गप्प केलं.

मोजणी संपली. चौऱ्याण्णव. मग म्हटलं, "श्रिया बसेल कुठंतरी, आधी हिला बघ." शिखानं दोन नंबरच्या गाडीकडे बघितलं, आजारी पोरगी तिच्या अंगावर कलली, ती तिला घेऊन चढली. तिला वाटलं श्रिया लीला मॅडमकडे. लीला मॅडमना वाटलं आईकडे. मी पाटीवर लिहिलं, चार वाजून अठरा, चौऱ्याण्णव, बरोबर.

धारच्या पुढे त्या मुलीचा ताप वाढला. औषध पोटात ठरेना. मिनीबसवाल्यानं फोन केला, "मॅडमजी, बेटमा में डॉक्टर है, रोकना पड़ेगा." मी नको कशी म्हणणार? तिन्ही गाड्या थांबल्या. तोच ढाबा. आता वर काचा लावल्या आहेत, पण बाक तिथेच आहे.

डॉक्टरांनी सुई दिली, मुलगी सावरली. शिखा मोकळी झाली आणि हसत दोन नंबरच्या गाडीत चढली. मी खाली उभी होते. तिची पहिली हाक ऐकली, "श्रियाऽ." दुसरी ऐकली. तिसरी हाक हाकेसारखी नव्हती.

ती उतरली. लीला मॅडम म्हणाल्या, "अगं तुझ्याकडेच होती ना?" शिखानं पर्समधून फोन काढला. आजारी मुलगी झोपावी म्हणून तो तिनं म्यूट केला होता. अनोळखी नंबरचे अकरा मिस्ड कॉल.

तिनं उलट फोन लावला, ते मांडूचे पार्किंगवाले रघुवीरजी होते; नंबर श्रियानं पाठ सांगितला होता. "आपकी बच्ची हमारे पास बैठी है. आप लोग कैसे लोग हो?" फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं.

मी लीला मॅडमना यादी दिली, शिटी दिली, गाड्या पुढे काढायला सांगितल्या आणि ढाब्यावाल्याची गाडी घेऊन शिखाबरोबर परत निघाले. शिखा म्हणाली, "तुम्ही कशाला, मॅडमजी? शाळेत पॅरेंट्स थांबलेत." मी म्हटलं, थांबू देत.

ती रागावली असती, चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मांडूपर्यंत ती फक्त खिडकीची काच वर करायची, खाली करायची.

रघुवीरजींच्या बायकोनं श्रियाला शाल गुंडाळून चुलीशी बसवलं होतं. हातात मांडूची ती मोठी गोरखचिंच होती. आईला बघून धावली, मग बिलगून रडली. गाडीत थोडी शांत झाल्यावर मी विचारलं, "बेटा, कुठे होतीस? शिटी नाही ऐकलीस?"

"ऐकली ना."

"मग आली का नाहीस?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली की हे काय विचारणं झालं. "शिटी तर रिबीनवाल्यांची होती. मी बाथरूममध्ये हात धुवत होते. मम्मी बोलावणार होती."

२१ डिसेंबर, संध्याकाळ

मानसचा फोन येऊन गेला. श्रीपाद बोलले. मी डोकं दुखतंय म्हणून आतच पडून राहिले.

१ डिसेंबरचं पान पुन्हा वाचलं. मीच लिहिलेलं. ते खोटं आहे. फाडणार होते, पण त्याखाली खरं लिहिते.

बाळकृष्ण सर सहलप्रमुख होते. पण मोजणी माझ्याकडे होती. त्यांनी स्वतः सांगितलं होतं, "चारुलताबाई, तुम्ही गणिताच्या, तुम्हीच मोजा." मी बेटम्याला अडतीस मोजली. अडतीस बरोबर होती. मानसचं संमतिपत्र नव्हतं, आई बरोबर असताना कुणाची संमती घ्यायची? म्हणून त्याचं नाव यादीत नव्हतं. मी इतरांची मुलं मोजत होते. माझं कशाला मोजायचं, ते तर माझंच आहे.

आणि सुटल्यावर लक्षात आलं नव्हतं. गाडी इंदूरला, शाळेच्या फाटकापर्यंत आली. श्रीपाद देवासहून परस्पर आम्हाला न्यायला आले होते. त्यांनी विचारलं, "मानस कुठंय?" मी म्हटलं, "असेल मागे, उतरतोय."

परत जाऊन त्याला आणलं, असं लिहिलंय. कुणी आणलं ते नाही लिहिलं. श्रीपादनी आणलं, शेजाऱ्यांची गाडी घेऊन. मी गेले नाही. फाटकात पालक उभे होते, एकेक मूल हातात द्यायचं होतं, सही घ्यायची होती. सर म्हणत होते, "बाई, तुम्ही जा, मी बघतो इथलं." मी म्हटलं, नाही, अडतीस पूर्ण होऊ देत.

"पोचलो" वडिलांनाच का, ते आज कळलं. इतकी वर्षं मी त्या मेसेजवर चिडत होते.

२२ डिसेंबर, सोमवार

अर्पितजींनी सकाळीच बोलावलं. मला वाटलं आता झडणार. तर समोर चहा ठेवला.

"मॅडम, मैंने सब चेक किया. आपकी लिस्ट परफेक्ट थी. नाइन्टी फोर गए, नाइन्टी फोर आए. वो बच्ची तो लिस्ट में थी ही नहीं. स्टाफ की पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटी थी. आप रिपोर्ट में बस इतना लिख दीजिए कि सभी चौरानवे विद्यार्थी सकुशल लौटे. शिखा मॅडम को एक वॉर्निंग लेटर दे देंगे. क्लोज."

कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. मग आठवलं. वाचलेलं नव्हतं, लिहिलेलं होतं. जानेवारी २००६, माझ्याच अक्षरात, "सर्व अडतीस विद्यार्थी सुखरूप परत आले." तेव्हा मला कुणी सांगितलंही नव्हतं. मी आपण होऊन लिहिलं होतं. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून ते इतकी वर्षं टिकलं.

मला अर्पितजींचा राग यायला हवा होता, आलाही. पण तो त्यांच्यापाशी थांबेना.

तिथेच बसून रिपोर्ट लिहिला. "सहलीला एकूण मुलं पंच्याण्णव होती. त्यांपैकी एक, श्रिया, वय सात, मांडूला मागे राहिली आणि तीन तास परक्या माणसांत बसली. तिला यादीत आणि गटात घ्यायला मी नकार दिला होता. तिची आई सांगायला आली तेव्हा मी तिला बोलू दिलं नाही. शिखा मॅडमचा दोष नाही. मोजणी माझ्याकडे होती." खाली सही केली, तारीख घातली.

अर्पितजींचे कान लाल झाले. "मॅडम, ये पॅरेंट्स के हाथ लग गया तो? आप समझती नहीं हैं."

"समजतं म्हणूनच लिहिलं, सर. शिखाला लेटर द्यायचं असेल तर आधी मला द्या."

"फिर अगले साल ट्रिप आपको नहीं मिलेगी."

"नका देऊ. पण ज्याला द्याल त्याला सांगा, जे पोर गाडीत चढेल त्याला रिबीन. मग ते कुणाचंही असो."

स्टाफरूममध्ये शिखा होती. मी तिच्यापुढे निळ्या रिबिनीचा उरलेला तुकडा ठेवला, श्रियासाठी. ती म्हणाली, "आता कशाला, मॅडमजी?" आवाजात धार होती. बरोबर होती. तिनं तो तुकडा घेतला नाही, टाकलाही नाही. टेबलावरच राहिला.

संध्याकाळी सहाला मानसला फोन लावला. सोमवारी माझा फोन बघून तो घाबरला. "बाबा ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. तुला एक सांगायचंय. बेटम्याला मोजणी माझ्याकडे होती. सरांकडे नव्हती."

तो म्हणाला, "माहीत आहे, आई."

"कुणी सांगितलं? बाबांनी?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी तिथेच होतो."

"तिथे म्हणजे, ढाब्यात?"

"नाही गं. गाडीच्या दाराशी. तुझ्या मागे. तू पायरीवर उभी राहून आत मोजत होतीस, मला चढायला जागा नव्हती. तुला हाक मारणार होतो." त्याचं मराठी तिकडे राहून जरा अडखळतं, तो थांबून थांबून बोलत होता. "पण तू सांगून ठेवलं होतंस ना, मोजताना बोलायचं नाही. म्हणून थांबलो. तू अडतीस म्हणालीस, वर चढलीस आणि दार लागलं."

फोन कानाला तसाच धरून उभी राहिले.

"आई? बोल की," तो म्हणाला. "आता काही मोजत नाहीयेस ना?"

मग मी बोलले. आधी माफी मागितली, वीस वर्षांत पहिल्यांदा. बाहेरच्या खोलीत श्रीपादनी टीव्ही बंद केला.